हौशी लोक 'आयर्नमॅन'च्या मागे का लागलेत आणि या शर्यतीतला सगळ्यात धोकादायक टप्पा कोणता?

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की आपल्या फीडमध्ये एक फोटो हमखास येतो. घामाने निथळलेला माणूस, गळ्यात जाडजूड मेडल, मागे शर्यतीची कमान आणि खाली कॅप्शन, 'आयर्नमॅन झालो.' फोटोतला माणूस कधी शाळेतला मित्र असतो, कधी ऑफिसमधला बॉस, तर कधी आपल्या गावातला दातांचा डॉक्टर.

आता तर राजकारणी आणि सिनेमातली मंडळीही यात उतरली आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ ला भाजपचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी गोव्यातली 'आयर्नमॅन ७०.३' शर्यत पूर्ण केली आणि पंतप्रधान मोदींनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सूर्या पुन्हा उतरले, सोबत तमिळनाडू भाजपचे माजी अध्यक्ष के. अण्णामलाई होते. नाशिकची अभिनेत्री सैयामी खेर हिने तर २०२४ मध्ये जर्मनीत आणि २०२५ मध्ये स्वीडनमध्ये, अशा दोन ७०.३ शर्यती पूर्ण केल्या.

साहजिकच बघणाऱ्यालाही वाटतं की आपणही करावं. करायला हरकत काहीच नाही. पण मेडलच्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही. या शर्यतीतला जिवावर बेतू शकणारा टप्पा पहिलाच असतो आणि नेमका त्याच टप्प्यात आपल्याकडचे बहुतेक हौशी खेळाडू सगळ्यात कच्चे असतात.

हा सगळा विषय काय आहे, ते नीट समजून घेऊ.

आधी एक गोंधळ दूर करू : ट्रायथलॉन आणि आयर्नमॅन एकच का?

नाही. ट्रायथलॉन हा खेळ आहे. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, हे तिन्ही एकापाठोपाठ करायचं. मधे कपडे-बूट बदलायला जो वेळ जातो तोही घड्याळात धरला जातो. 'आयर्नमॅन' हा एका अमेरिकन कंपनीचा ब्रँड आहे. ती कंपनी जगभर लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन भरवते.

अंतरं अशी असतात :

- स्प्रिंट : ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं
- ऑलिम्पिक : १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं
- आयर्नमॅन ७०.३ : १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं
- फुल आयर्नमॅन : ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं

७०.३ हा आकडा मैलांचा आहे. किलोमीटरमध्ये तो ११३ होतो. म्हणजे गोव्यात जी शर्यत होते ती 'हाफ आयर्नमॅन' आहे. बातम्यांच्या मथळ्यात मात्र हाफ आणि फुल दोन्हींना सरसकट 'आयर्नमॅन' म्हटलं जातं. हाफ सोपी असते असं अजिबात नाही, पण दोन्हींच्या तयारीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सुरुवात झाली एका वादातून

सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे तिथल्या ट्रॅक क्लबने एक वेगळी शर्यत घेतली. पळणाऱ्यांना जरा बदल म्हणून पोहणं आणि सायकल जोडली होती. आधुनिक ट्रायथलॉनची सुरुवात तिथून धरली जाते.

त्या पहिल्या शर्यतीत अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी हे दोघंही होते. पुढे ते हवाईला राहायला गेले. तिथे एका बक्षीस समारंभात वाद रंगला की जास्त तंदुरुस्त कोण, पोहणारे, पळणारे की सायकल चालवणारे? कॉलिन्स यांनी तोडगा काढला. ओआहू बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन मोठ्या शर्यती जोडून एकच करू आणि जो जिंकेल त्याला 'आयर्न मॅन' म्हणू.

१८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले आणि १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. आज फुल आयर्नमॅनची जी अंतरं आपण बघतो ती त्याच दिवशीची.

म्हणजे ही अंतरं कुणी शास्त्र वापरून ठरवलेली नाहीत. तीन शर्यती हाताशी होत्या, त्या जोडल्या. सर्वसामान्य माणसाच्या फिटनेसची मोजपट्टी म्हणून हा आकडा कधी तयारच झाला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हौशी खेळाडू हाच या खेळाचा कणा

क्रिकेटमध्ये तुम्ही कधी बुमराहसमोर बॅटिंग करू शकणार नाही. ट्रायथलॉनमध्ये मात्र जगातले अव्वल व्यावसायिक खेळाडू आणि तुम्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर धावू शकता. हौशी लोकांसाठी १८ ते २४, २५ ते २९, ३० ते ३४ असे वयोगट असतात. त्यामुळे या खेळात हौशी खेळाडूंना 'एज ग्रुपर' म्हणतात. त्यांना बक्षिसाचे पैसे मिळत नाहीत. उलट तेच फी भरतात.

आणि या फीवर मोठा धंदा उभा आहे. २०२० मध्ये चीनच्या वांडा ग्रुपने आयर्नमॅन कंपनी अमेरिकेच्या ॲडव्हान्स पब्लिकेशन्सला विकली तेव्हा किंमत होती तब्बल ७३ कोटी डॉलर्स. बहुतेक खेळांत कमाई होते टीव्हीच्या हक्कांवर आणि तिकिटांवर. इथे सगळ्यात मोठा ग्राहक खुद्द खेळाडूच असतो.

भारतात हे चित्र आणखी ठळक दिसतं. ट्रायथलॉन २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, पण २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय ट्रायथलीट तिथे उतरलेला नाही. तरीही हौशी खेळाडूंची संख्या वाढत गेली. अव्वल खेळाडू तयार झाले, त्यांना बघून लोक वळले, असं इथे झालंच नाही. इथे सुरुवातच हौसेतून झाली.

महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. पुण्याचे माजी राष्ट्रीय जलतरणपटू कौस्तुभ राडकर यांनी अनेक फुल आयर्नमॅन पूर्ण केल्या आणि पुढे प्रशिक्षक म्हणून शेकडो जणांना तयार केलं. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची फुल आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. २०१७ मध्ये महाराष्ट्र पोलीस दलातले आयपीएस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समध्ये ती पूर्ण केली. या दोन बातम्यांनंतर 'नोकरी सांभाळूनही हे जमतं' असं बऱ्याच जणांना वाटायला लागलं. कोल्हापुरात तर राजाराम तलावात पोहून सुरू होणारी 'बर्गमन' ट्रायथलॉन होते आणि तिथे आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनही लोक येतात.

मग ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली. त्याआधी या ब्रँडचं मेडल हवं असेल तर परदेशात जावं लागायचं. व्हिसा, विमान, सायकलचं पॅकिंग, हॉटेल असं धरून खर्च लाखांत जायचा. गोव्यामुळे हा खर्च खाली आला आणि दार उघडलं.

लोकांना यात नेमकं काय मिळतं?

यात जिंकणं हा मुद्दाच नसतो. मुद्दा असतो वेळेत संपवण्याचा. ७०.३ साठी साधारण साडेआठ तासांची मुदत असते. २०२४ मध्ये तेजस्वी सूर्यांचा वेळ होता ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंद. आणखी तीन मिनिटं उशीर झाला असता तर निकालात नाव आलं नसतं. शेवटच्या माणसासाठीही शर्यत शेवटपर्यंत जिवंत असते, ही या खेळाची खरी गंमत आहे.

दुसरं कारण साधं आहे. नोकरी, ईएमआय, ट्रॅफिक यातलं फारसं काही आपल्या हातात नसतं. इथे मात्र सहा महिने पहाटे उठलं तर त्याचा निकाल घड्याळावर दिसतो. अनेकांची शुगर, वजन, दारू-सिगारेट या निमित्ताने आटोक्यात येते. हा फायदा खरा आहे आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही.

पण अडचण सुरू होते ती पाण्यात.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना यांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एकूण १३५ घटना होत्या. त्यातले १५ मृत्यू अपघाती दुखापतींमुळे झाले. उरलेल्या १२० घटना अचानक मृत्यूच्या किंवा हृदय बंद पडण्याच्या होत्या.

या १२० पैकी ९० घटना पोहताना घडल्या. धावताना १५, सायकलवर ७ आणि शर्यत संपल्यानंतर ८.

आता हे उलटं वाटतं ना? पोहण्याला सगळ्यात कमी वेळ लागतो. शरीर थकलेलं असतं ते शेवटी, धावताना. तरी चारपैकी तीन घटना पहिल्याच टप्प्यात.

घाबरून जाऊ नका, एकूण प्रमाण कमी आहे. अभ्यासानुसार एक लाख सहभागींमागे १.७४. पण साठी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये हेच प्रमाण १८.६ वर जातं. बळी पडलेल्यांचं सरासरी वय ४७ च्या आसपास होतं आणि त्यात ८५ टक्के पुरुष होते. ज्या ६१ जणांचे शवविच्छेदन अहवाल मिळाले त्यांतल्या २७ जणांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा दखल घेण्याजोगा आजार होता. पंचेचाळिशीचा पुरुष, करिअर स्थिरावलेलं, आता काहीतरी मोठं करून दाखवायचंय, हे आपल्याकडच्या हौशी ट्रायथलीटचंही नेहमीचंच वर्णन आहे.

पाण्यातच असं का होतं?

याचं एकच पक्कं उत्तर नाही. डॉक्टर काही कारणं सांगतात.

एक म्हणजे सुरुवातीचा ताण. शेकडो लोक पाण्यात, कुणाची लाथ बसते, कुणाचा हात डोक्यावर येतो. ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धावतं.

दुसरं, तोंडावर पाणी आलं आणि श्वास रोखला की शरीर उलट हृदयाचे ठोके कमी करायचा प्रयत्न करतं. एकीकडून वेग वाढवा आणि दुसरीकडून कमी करा, असे दोन आदेश हृदयाला एकाच वेळी मिळतात. आधीच आजार असेल तर ठोक्यांची लय बिघडू शकते.

तिसरं, काहींच्या फुफ्फुसांत पोहताना द्रव साठतो आणि दम लागतो.

आणि शेवटचं कारण सगळ्यात साधं. सायकलवर चक्कर आली तर थांबता येतं, पळताना दम लागला तर फुटपाथवर बसता येतं, शेजारचा पाणी देतो. पाण्यात बुडणारा माणूस बहुतेक वेळा आरडाओरडा करत नाही. त्याच्याकडे लक्ष जाईपर्यंत मोलाची मिनिटं निघून जातात.

आपल्याकडे हा टप्पा जास्त कच्चा का?

कारण आपण पोहणं शिकतो कुठे, हा प्रश्न आहे. धावायला रस्ता पुरतो, सायकल ईएमआयवर येते. पोहायला तलाव लागतो. बऱ्याच तालुक्यांच्या ठिकाणी जलतरण तलाव नाही. असला तर पाणी नाही. पाणी असलं तर पाऊण तासाची बॅच आणि एका लेनमध्ये दहा जण.

हिशोब करून बघा. २५ मीटरच्या तलावात १.९ किमी म्हणजे ७६ वेळा हे टोक ते ते टोक. या टप्प्याची मुदत साधारण ७० मिनिटं असते, म्हणजे दर १०० मीटरला सुमारे ३ मिनिटं ४० सेकंद. या वेगाने पोहणाऱ्याला पाऊण तासाच्या बॅचमध्ये शर्यतीचं पूर्ण अंतर एकदाही पोहून बघता येत नाही. बायकांसाठी तर ठरावीकच वेळा असतात, तोही वेगळा अडथळा.

त्यात तलाव आणि समुद्र यांत मोठा फरक. तलावात तळाला रेघ दिसते, २५ मीटरवर भिंत असते, पाय टेकतात. समुद्रात पाणी गढूळ, लाटा, तोंडात खारट घोट आणि दर काही हातांनंतर मान वर काढून बोया कुठे आहे ते बघावं लागतं. तलावात दोन किलोमीटर आरामात काढणारी माणसंसुद्धा पहिल्यांदा समुद्रात उतरल्यावर दोनशे मीटरवर गडबडतात.

आणखी एक मुद्दा वेटसूटचा. हा जाड रबरी सूट शरीराला तरंगायला मदत करतो, त्यामुळे कच्च्या पोहणाऱ्याला मोठा आधार मिळतो. आयर्नमॅनच्या नियमानुसार हौशी खेळाडूंना २४.५ अंशांपर्यंतच्या पाण्यात तो सरसकट वापरता येतो. युरोपातल्या अनेक शर्यतींत पाणी थंड असतं, तिथे तो मिळतो. गोव्याचं पाणी कोमट, त्यामुळे तिथे त्याच्याशिवाय पोहायचं. म्हणून 'परदेशात केलं, गोवा तर घरचंच आहे' हा हिशोब चुकू शकतो.

आयोजकांवर किती विसंबायचं?

ऑगस्ट २०२३ ची आयर्लंडमधली घटना यासाठी माहीत हवी. कॉर्क परगण्यातल्या यॉल इथे आयर्नमॅन होती. वादळी हवामानामुळे ती एक दिवस पुढे ढकलली आणि पोहण्याचं अंतर कमी केलं. तरीही समुद्र खवळलेलाच होता. त्या दिवशी पोहण्याच्या टप्प्यात दोन हौशी खेळाडूंचा मृत्यू झाला.

त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय संघटनेने, ट्रायथलॉन आयर्लंडने, सांगितलं की परिस्थिती बघता या शर्यतीला मान्यता देता येणार नाही हे आम्ही शर्यतीआधीच आयोजकांना कळवलं होतं. आयोजकांनी हे म्हणणं मान्य केलं नाही. वाद पुढे चालला, पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या खेळाडूंना त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं.

हौशी खेळाडूची इथे खरी कोंडी होते. सहा महिने तयारी केलेली असते. फी परत मिळणार नसते. घरचे कमानीजवळ थांबलेले असतात. ऑफिसच्या ग्रुपवर आधीच शुभेच्छा येऊन गेलेल्या असतात. अशा वेळी 'समुद्र ठीक दिसत नाही, मी उतरत नाही' म्हणायला जे धाडस लागतं ते उतरण्यापेक्षा जास्त असतं. आणि जिथे खेळाडू हाच ग्राहक आहे, तिथे शर्यत रद्द करणं आयोजकांनाही महागात पडतं. दोघांवरचा दबाव एकाच दिशेने काम करतो. म्हणूनच शेवटचा निर्णय आपल्या हातात ठेवायला हवा.

मग करायचंच असेल तर?

- थेट ७०.३ ला नाव देऊ नका. आधी स्प्रिंट, मग ऑलिम्पिक अंतर. दोन्हींतही तेच तीन खेळ आणि तोच आनंद आहे. फक्त लाईक्स कमी मिळतात.
- पस्तिशी ओलांडली असेल, घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट यातलं काय लागेल ते त्यांना ठरवू द्या. सराव करताना छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर 'गॅस झाला असेल' म्हणून सोडून देऊ नका.
- शर्यतीआधी अनेकदा खुल्या पाण्यात पोहा, पण एकट्याने कधीच नाही. सोबत जाणकार, होडी किंवा कयाक आणि कमरेला तरंगणारा बोया हवाच. विहीर, धरण, खाडी यांचे स्वभाव वेगळे असतात. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका.
- नियम वाचा. आयर्नमॅनमध्ये दम लागला तर बचाव पथकाच्या कयाकला धरून विश्रांती घेता येते. पुढे सरकण्यासाठी त्याचा वापर केला नाही तर शर्यतीतून बाद होत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक हात वर करायला लाजतात.
- गर्दीची भीती वाटत असेल तर मागून आणि कडेने सुरुवात करा. दोन मिनिटं जातील, जाऊ देत.
- सायकल आणि धावण्यात पाणी हवं, पण पोट फुगेपर्यंत नाही. तासन्‌तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं. काय आणि किती प्यायचं याचा सराव आधीच करून ठेवा.
- आयोजकांना विचारा. किती जीवरक्षक आहेत? किती कयाक आणि बोटी? समुद्र खवळला तर पोहणं रद्द करण्याचा निर्णय कोण घेणार? उत्तर टाळलं गेलं तर तेही एक उत्तरच आहे.

थोडक्यात सांगायचं तर

ट्रायथलॉन वाईट नाही. चाळिशीतल्या माणसाला पोहायला, सायकल चालवायला आणि धावायला लावणारा खेळ आपल्याला हवाच आहे. पण आपल्याकडे तो वरून खाली आला. मेडल आधी आलं, तलाव नंतर येतील असं आपण धरून चाललोय. खासदार आणि मंत्री या शर्यतींचं कौतुक करतात, ते चांगलंच आहे. त्याच सुरात त्यांनी तालुक्याला एक चालू स्थितीतला जलतरण तलाव आणि शाळेत पोहण्याचा एक तास मागितला, तर त्याचा फायदा आयर्नमॅन न होणाऱ्या मुलांनाही होईल. दर उन्हाळ्यात विहिरीत आणि धरणात बुडणाऱ्या मुलांच्या बातम्या आपण वाचतोच.

आणि यंदा तुमच्या ओळखीतलं कुणी शर्यतीला जाऊन न उतरता परत आलं, तर 'काय राव, घाबरलास?' असं विचारू नका. निकालाच्या यादीत त्याच्या नावापुढे 'डीएनएस', म्हणजे सुरुवातच केली नाही, असं लिहिलेलं असेल. कदाचित त्या दिवसातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय त्यानेच घेतलेला असेल.